दंगलीचा जाब कोणी द्यावयाचा?

डिसेंबर २००७ ची ३० तारीख. आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरील केनिया देशात तीन दिवसांपूर्वी अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती, आणि मतमोजणीला लागलेल्या विलंबामुळे राजधानी नैरोबीतील हवा तापून गेली होती. आरंभीच्या मोजणीत विरोधी पक्षाचे राइला ओडिंगा पुष्कळ पुढे होते. ती आघाडी एकाएकी विरघळली. सायंकाळी निवडणूक मंडळाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू निकाल सांगावयास उभे राहिले. परंतु ज्या विस्तीर्ण सभागृहात वार्ताहर आणि उभय पक्षांचे प्रतिनिधी जमले होते, तेथे असा काही हलकल्लोळ माजला की, पोलिसांच्या गराड्यात त्यांना आतल्या एका खोलीत नेण्यात आले. तेथे केवळ सरकारी प्रक्षेपण संस्थेच्या यंत्रासमोर त्यांनी आकडे वाचून दाखविले. अधिकारारूढ अध्यक्ष म्वाई किबाकी यांना सुमारे ४५ लक्ष ८५ हजार मते. ओडिंगा यांना सुमारे ४३ लक्ष ५३ हजार. तास उलटतो न उलटतो तोच राजभवनाच्या हिरवळीवर, मावळत्या उजेडात, मोजक्या मंडळींच्या साक्षीने किबाकी यांनी दुसऱ्यांदा पदाची शपथ घेतली. घरच्या कार्याला सुद्धा मनुष्य मुहूर्त पाहतो, चार आप्तांना निरोप धाडतो. येथे एका राष्ट्राचा पुढील पाच वर्षांचा कारभार दिवेलागणीच्या आत उरकून घेण्यात आला. त्याच सायंकाळी घडत्या घटनांचे थेट प्रक्षेपण करण्यास सरकारने मनाई केली, आणि त्याच रात्री नैरोबीच्या किबेरा नावाच्या दाट झोपडवस्तीत आगी लागल्या.

किवुइटू यांनी एकदोन दिवसांतच वार्ताहरांपाशी कबूल केले की, निवडणूक खरोखर कोणी जिंकली हे आपल्याला ठाऊक नाही. ज्याने निकाल जाहीर केला त्याच्याच तोंडची ही कबुली! पुढे दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती योहान क्रीग्लर यांच्या मंडळाने सर्व कागदपत्रे चाळून सप्टेंबर २००८ मध्ये असाच निर्वाळा दिला. मतदानात आणि मोजणीत इतका घोळ झाला होता की, खरा विजेता कोण हे आता कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय हा घोळ एकाच पक्षाने घातलेला नव्हता. ज्याचा ज्या प्रांतात जोर, त्याने तेथे आपले हात धुवून घेतले होते. ओडिंगा यांचा पक्षही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. कारण पुढील हकीकत ऐकताना एक बाजू देवांची व दुसरी दैत्यांची अशी वाटणी करण्याचा मोह कोणालाही होईल.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे घडले त्याची मोजदाद न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या चौकशी मंडळाने केली. १,१३३ माणसे प्राणास मुकली, साडेतीन हजारांहून अधिक जखमी झाली, आणि सुमारे साडेतीन लक्ष लोक घरादारास पारखे झाले. इतरांच्या हिशेबाने बेघरांची संख्या याहून बरीच मोठी होती. मृतांपैकी ४०५ जण बंदुकीच्या गोळीने मेले, आणि त्या गोळ्या बहुतेक पोलिसांनी झाडलेल्या होत्या. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेट शहरानजीक कियाम्बा येथे किकुयू जमातीच्या बायकामुलांनी एका लहानशा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात आश्रय घेतला होता. देवाच्या घरी तरी कोणी हात उगारणार नाही, एवढाच त्यांचा भरवसा. कॅलेंजिन तरुणांच्या जमावाने ते मंदिर पेटवून दिले. आत होरपळून आणि बाहेर पळताना मिळून सुमारे तीस जीव गेले. महिना संपण्याच्या सुमारास नाकुरू व नाइवाशा या गावी या कृत्याचा सूड म्हणून किकुयू टोळ्यांनी परजमातीच्या लोकांना वेचून मारले. नाइवाशात एका घरात कोंडून जाळलेल्या माणसांची संख्या १९ होती. कियाम्बाच्या हत्येशी त्यांचा काही एक संबंध नव्हता.

आता प्रश्न असा उभा राहतो की, मतपत्रिकांच्या मोजणीतील वादापायी शेजारी शेजाऱ्याच्या घराला काडी कशी लावतो? याचे उत्तर मतपेटीत नाही, जमिनीत आहे. ब्रिटिशांनी १८९६ साली मोम्बासा बंदरापासून लोहमार्ग टाकावयास घेतला. हिंदुस्थानातून बोलावलेल्या हजारो मजुरांनी तो बांधून काढला, आणि १९०१ साली तो व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आजच्या किसुमू गावी जाऊन टेकला. याच मार्गाचे रूळ जानेवारी २००८ मध्ये किबेरातील जमावाने उखडून फेकले. लोहमार्गामागोमाग गोरे वसाहतवाले आले, आणि मूळच्या रहिवाशांना हुसकून लावून रिफ्ट व्हॅली प्रांतातील सुपीक पठारे त्यांच्यासाठी राखण्यात आली. १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला, गोरे जमीनदार गेले. पण त्या जमिनी परत मूळ मालकांकडे न जाता पुष्कळशा किकुयू जमातीच्या लोकांनी खरेदी केल्या. पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा हे किकुयू होते, ही गोष्ट कॅलेंजिन जमात विसरली नाही. किकुयू शेतकऱ्याच्या दृष्टीने तो घामाच्या पैशाने घेतलेला तुकडा. कॅलेंजिनाच्या दृष्टीने ती वाडवडिलांची बळकावलेली भूमी. असे दुखणे ज्या देशात असते तेथे निवडणुकीच्या हंगामात त्यावर बोट ठेवणारा पुढारी हमखास निघतो.

आणि तो २००७ सालीच प्रथम निघाला असे नाही. १९९२ व १९९७ या दोन्ही निवडणुकांच्या सुमारास, डॅनिएल अराप मोई यांच्या राजवटीत, रिफ्ट व्हॅलीत व समुद्रकिनारी अशाच दंगली उसळल्या होत्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती अकिवुमी यांच्या मंडळाचा अहवाल १९९९ साली सरकारच्या हाती पडला. जनतेला तो पाहावयास मिळाला २००२ साली. त्यात नावे होती. शिक्षा मात्र कोणाही बड्या असामीस झाली नाही. तेव्हा २००७ सालच्या अखेरीस कोयता घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला आणि त्याला बाहेर काढणाऱ्या मनुष्याला पंधरा वर्षांच्या अनुभवाने एक धडा मिळालेला होता: चौकशी होते, अहवाल निघतो, आणि जो तो आपल्या जागी सुखरूप राहतो.

वाकी मंडळाने केलेले मोठे काम म्हणजे दंगलीचा एकच गठ्ठा न बांधता त्यांनी तिची प्रांतवार उकल केली. काही ठिकाणी पहिला भडका खरोखर उत्स्फूर्त होता. निकाल कानी पडताच संतापलेली माणसे रस्त्यावर आली, एवढेच. किसुमूमध्ये बरीचशी प्राणहानी जमावाने नव्हे तर पोलिसांनी केली. परंतु रिफ्ट व्हॅलीत आणि पुढे नाइवाशा-नाकुरूत पूर्वतयारीच्या खुणा मंडळाला आढळल्या. बैठका झाल्या होत्या, पैसा पुरविला गेला होता, माणसे वाहनांतून आणली गेली होती. रागाने बेभान झालेला मनुष्य पेट्रोलचा खर्च कोणी सोसावयाचा याचा विचार करीत नाही. तो विचार दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवलेला असतो.

तरी पुढाऱ्याचा हात दाखवून देणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. रिफ्ट व्हॅलीत प्रचलित असलेला एक स्वाहिली शब्द या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे: ‘मादोआदोआ’. त्याचा अर्थ ठिपके, डाग. आपल्या प्रांतातील परजमातीचे लोक म्हणजे स्वच्छ वस्त्रावरील डाग. ते काढून टाकावयास हवेत. सभेत एवढे वाक्य बोलणाऱ्याने कोणाला मारा असे म्हटले काय? मुळीच नाही. तो स्वच्छतेविषयी बोलला! ऐकणाऱ्यांना मात्र अर्थ पुरता समजला, कारण १९९२ साली त्यांनी त्याचा अनुवाद डोळ्यांनी पाहिला होता. विंचू दुसऱ्याच्या हाताने मारावयाचा, आणि तोही सूचक शब्दाने, म्हणजे पुढे आपण नामानिराळे राहावयास मोकळे. जमातींच्या भाषांतून चालणाऱ्या काही नभोवाणी केंद्रांवरही वाकी मंडळाने ठपका ठेवला. नभोवाणीवर बोलणाऱ्या व ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने याची नोंद घ्यावी. सभेतील वाक्य मैदानापुरते असते. ध्वनिक्षेपकातील वाक्य एकाच क्षणी दहा गावांच्या ओसरीवर जाऊन बसते.

अशा प्रसंगी पुढाऱ्यांचा ठरलेला बचाव असतो तो ‘जनक्षोभा’चा. लोकांचे मत लुटले गेले, लोक खवळले, आता आम्ही तरी काय करणार? केनियात दोन्ही बाजूंनी हा बचाव मांडला गेला. सरकार म्हणे, तक्रार असेल तर न्यायालयात जा. विरोधी पक्ष म्हणे, न्यायाधीश तुमचेच, तेथे जाऊन काय उपयोग? दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते आणि तेथेच ग्यानबाची मेख होती. परंतु जनक्षोभ हा पावसाळ्यातील पुरासारखा निसर्गाधीन असतो, ही समजूत केनियाच्याच इतिहासाने दोनदा खोटी ठरविली. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी किबाकी व ओडिंगा यांनी सत्तेच्या वाटणीचा करार केला; किबाकी अध्यक्ष राहिले, ओडिंगा एप्रिलमध्ये पंतप्रधान झाले. वाटाघाटी जसजशा मार्गी लागल्या तसतशी दंगल ओसरत गेली, आणि करारानंतर तिने पुनः तसे उग्र रूप धरले नाही. मतमोजणीतील अन्याय तर होता तसाच होता. मग क्षोभ गेला कोठे? दुसरा दाखला २०१३ चा आहे. तो ओघाने येईलच. ज्याच्या हातात तोटी बंद करण्याचे सामर्थ्य असते, त्याने ती उघडी ठेवल्याचा जाब द्यावयास नको काय? या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर आहे. मात्र ते वाचून दाखविणारा न्यायाधीश केनियाला कधीच मिळाला नाही.

सत्तेची वाटणी झाली आणि चाळीस मंत्र्यांचे अवाढव्य मंत्रिमंडळ सिंहासनावर बसले. याच मंत्रिमंडळाच्या दारी वाकी मंडळाचा अहवाल ऑक्टोबर २००८ मध्ये येऊन पडला. वाकी हे धूर्त गृहस्थ म्हटले पाहिजेत. अकिवुमी अहवालाची गत त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यांनी संशयितांची नावे अहवालात छापलीच नाहीत. ती एका लखोट्यात घालून, लखोट्यावर मोहोर करून, तो पुराव्याच्या पेट्यांसह अन्नान यांच्या स्वाधीन केला. अट अशी की, केनियाने स्वतःचे खास न्यायालय स्थापून या लोकांवर खटले चालवावे. ते न झाल्यास लखोटा हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे जावा. १२ फेब्रुवारी २००९ रोजी खास न्यायालयाचे विधेयक कायदेमंडळापुढे आले. अध्यक्ष व पंतप्रधान या दोघांचा त्याला पाठिंबा होता. साधे बहुमतही मिळाले, परंतु घटनादुरुस्तीस लागणारे दोन-तृतीयांश मताधिक्य मिळाले नाही, आणि विधेयक पडले. विरोध करणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक होते. काहींना प्रामाणिकपणे वाटत होते की, देशातले न्यायालय पुढाऱ्यांच्या दडपणाखाली वाकेल, म्हणून हेगच बरे. इतर काहींनीही हेगचाच घोष केला, पण त्यांचा हिशेब निराळा असावा: हेग दूर आहे, तेथील जाते सावकाश दळते, तोवर पुढची निवडणूक येईल.

हा हिशेब चुकला नाही. २००९ च्या जुलैत लखोटा हेगला गेला. ३१ मार्च २०१० रोजी न्यायाधीशांनी तपासास परवानगी दिली. न्यायालयाच्या अभियोक्त्याने स्वतः होऊन मागितलेली व मिळालेली अशी ही पहिलीच परवानगी. डिसेंबरमध्ये अभियोक्ते लुइस मोरेनो ओकाम्पो यांनी सहा नावे जाहीर केली, दोन्ही बाजूंची तीन-तीन. त्यांत किबाकींच्या बाजूने जोमो केन्याटांचे पुत्र उहुरू केन्याटा होते. ओडिंगांच्या बाजूने रिफ्ट व्हॅलीतील पुढारी विल्यम रुटो आणि कॅलेंजिन भाषेतील नभोवाणीचे निवेदक जोशुआ सांग होते. सर्वांनी आरोप नाकारले. ज्या दोघांच्या नावाने दंगल झाली त्या दोघांपैकी मात्र एकाचेही नाव यादीत नव्हते. एव्हाना ते शांततेचे कर्ते होऊन एकाच मंत्रिमंडळात बसले होते.

हेगच्या न्यायालयापुढील खरा पेच येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. साधा खून हा तेथील विषय नव्हे. ‘मानवतेविरुद्ध गुन्हा’ ठरावयाचा तर जनतेवरील हल्ला एखाद्या राज्याच्या किंवा संघटनेच्या धोरणानुसार झालेला असला पाहिजे. निवडणुकीपुरते जमलेले पुढारी, व्यापारी व जमातीतील वडीलधारे यांच्या जाळ्याला संघटना म्हणावे काय? दोघा न्यायाधीशांनी होय म्हटले. तिसरे, हान्स-पेटर काउल, यांनी मोठ्या तळमळीने विरुद्ध मत नोंदविले: कृत्ये घोर आहेत, ती दंडनीयही आहेत, पण ती दंडण्याचे ठिकाण केनियातील न्यायालये हे होय. कायद्याचा काटेकोरपणा म्हणून काउल यांचे मत कितीही वंदनीय असो, केनियातील न्यायालयांत तोवर काय घडले होते? कियाम्बा प्रकरणी चार आरोपी उभे करण्यात आले, आणि एप्रिल २००९ मध्ये ते चौघेही निर्दोष सुटले. पोलिसांचा तपासच इतका ढिसाळ होता की न्यायाधीशांस दुसरा मार्ग उरला नाही. सर्व देशातील दंगलीपायी झालेल्या गंभीर शिक्षा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

जानेवारी २०१२ मध्ये चौघांवरील आरोप कायम झाले आणि मग एक अपूर्व घटना घडली. एकमेकांच्या लोकांची कत्तल घडविल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, ते केन्याटा आणि रुटो एका झेंड्याखाली आले. हेगचा खटला हा परकीयांचा आपल्या घरातील हस्तक्षेप आहे, असा त्यांच्या प्रचाराचा सूर होता. आणि परराष्ट्रांच्या मुत्सद्द्यांनी मतदारांना दिलेल्या गर्भित इशाऱ्यांनी त्या आगीत तेलच ओतले. ४ मार्च २०१३ च्या निवडणुकीत केन्याटा यांना ५०.०७ टक्के मते मिळून ते अध्यक्ष झाले, रुटो उपाध्यक्ष झाले. रिफ्ट व्हॅलीत या वेळी किकुयू आणि कॅलेंजिन यांनी शेजारी-शेजारी रांगेत उभे राहून एकाच जोडीला मते दिली. कोणी कोणाच्या घराला हात लावला नाही. पूर्वी उल्लेखिलेला दुसरा दाखला तो हाच. जमिनीचा वाद मिटला नव्हता, जळालेली घरे सगळी उभी राहिली नव्हती. केवळ वरच्या दोघांचे सूत जमले होते. शांतता झाली याचा आनंद कोणाला होणार नाही? पण शांततासुद्धा जर पुढाऱ्यांच्या सोयरिकीवर येते आणि जाते, तर दंगल ही निव्वळ लोकांची, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

यापुढील कथा साक्षीदारांची आहे. एकेक साक्षीदार जबानी फिरवू लागला, कोणी नाहीसा झाला, कोणी भयाने गप्प बसला. फातू बेन्सुदा या नव्या अभियोक्तीने मार्च २०१३ मध्ये एका आरोपीवरील खटला काढून घेताना सांगितले की, मुख्य साक्षीदाराने लाच घेतल्याचे कबूल केले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये केन्याटा हेगच्या न्यायालयात स्वतः हजर झाले. अधिकारावर असलेल्या राष्ट्रप्रमुखाने तेथे हजर होण्याची ही पहिलीच वेळ. अध्यक्षपद नव्हे तर केवळ आपली व्यक्ती न्यायालयापुढे उभी आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी निघण्यापूर्वी अध्यक्षाची सूत्रे तेवढ्यापुरती उपाध्यक्षांच्या हाती सोपविली. आणि उपाध्यक्ष कोण, तर दुसऱ्या खटल्यातील आरोपी रुटो! नाटककाराने असा प्रवेश लिहिला असता तर परीक्षकांनी त्याला अतिशयोक्तीबद्दल बोल लावला असता. डिसेंबर २०१४ मध्ये पुराव्याअभावी केन्याटांवरील आरोप मागे घेण्यात आले. दूरध्वनीच्या, बँकेच्या व जमिनीच्या नोंदी केनिया सरकारने दिल्या नाहीत, अशी अभियोक्तीची तक्रार होती. तिच्या कचेरीचा तपासही कच्चा होता, हेही खरे. ५ एप्रिल २०१६ रोजी रुटो व सांग यांचा खटला दोघां विरुद्ध एक अशा मताने बंद झाला. बहुमतातील एका न्यायाधीशाच्या मते पुरावा अपुरा होता. दुसरे, एबोए-ओसुजी, म्हणाले की साक्षीदारांवरील दडपण आणि राजकीय ढवळाढवळ यांमुळे हा खटला नीट चालूच शकला नाही. म्हणून आरोपींना निर्दोष ठरविण्यात आले नाही. नवा पुरावा मिळाल्यास खटला पुनः भरता येईल, अशी सोय ठेवण्यात आली. अपराध सिद्ध झाला नाही आणि निरपराधित्वही सिद्ध झाले नाही. रुटो १३ सप्टेंबर २०२२ रोजी केनियाचे अध्यक्ष झाले.

निवडून येणे हाच उत्तम बचाव, ही युक्ती केवळ आफ्रिकेत चालते असे कोणी समजू नये. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ रोजी पराभूत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या अनुयायांनी वॉशिंग्टन येथील संसदभवनावर चाल केली. सिनेटमध्ये ५७ सभासदांनी ट्रम्प यांना दोषी ठरविले, पण दोन-तृतीयांशांना दहा मते कमी पडली. फौजदारी आरोपपत्र यावयास ऑगस्ट २०२३ उजाडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुनः निवडून आले, आणि पदस्थ अध्यक्षावर खटला चालविता येत नाही या नियमाने ते प्रकरण त्याच महिन्यात गुंडाळले गेले. २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी, त्यांनी सुमारे दीड हजार दंगलखोरांना माफी दिली. ब्राझीलमध्ये ८ जानेवारी २०२३ रोजी असाच हल्ला झाला. तेथे मात्र निवडणूक न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत माजी अध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांना मतदानयंत्रांविषयी निराधार संशय पसरविल्याबद्दल आठ वर्षे निवडणुकीस अपात्र ठरविले, आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्ता बळकावण्याच्या कटाबद्दल त्यांना २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा सांगितली. ती शिक्षा योग्य की अतिरेकी, यावर वाद आहे व राहील. पण आरोपीला न्यायासनापुढे उभे करण्याआधी त्याला पुनः सिंहासनापर्यंत पोहोचू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न ब्राझीलने वेळीच सोडविला, आणि इतर दोन देशांनी काळावर सोपविला.

केनियाने मात्र एक गोष्ट शहाणपणाची केली. ऑगस्ट २०१० मध्ये अमलात आलेल्या नव्या घटनेने निकालानंतरचे ते धोक्याचे दिवस कुंपण घालून घेतले. निकालाविरुद्ध सात दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करावयाचा, न्यायालयाने चौदा दिवसांत निर्णय द्यावयाचा, आणि तोवर शपथविधी करावयाचा नाही. शपथविधी उघड्यावर, लोकांसमक्ष व्हावयास हवा. पुढे केलेल्या कायद्याने तर त्याची वेळसुद्धा सकाळी दहा ते दुपारी दोन अशी बांधून टाकली. राजभवनाच्या हिरवळीवरील तो संधिप्रकाश कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता हे उघड आहे. १ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने केन्याटांची निवडणूक रद्द ठरविली. आफ्रिकेत अध्यक्षीय निवडणूक न्यायालयाने रद्द करण्याचा तो पहिला प्रसंग. पोलिसांच्या गोळ्या त्याही वर्षी थांबल्या नाहीत. तथापि २०२२ साली ओडिंगा पुनः हरले, पुनः न्यायालयात गेले, तेथेही हरले. निकाल आपल्याला पटत नसल्याचे त्यांनी सांगितले, पण तो मानला. २००७ च्या डिसेंबरात ज्या वाटेने कोणी जावयास तयार नव्हता, ती वाट पंधरा वर्षांनी मळलेली झाली.

होऊन गेले त्याचे काय? मार्च २०१५ मध्ये अध्यक्ष केन्याटा यांनी आपल्या व पूर्वीच्या सरकारांच्या वतीने गतकाळातील अन्यायांबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि १० अब्ज शिलिंगांच्या निधीची घोषणा केली. दंगलीत ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले अशा आठ व्यक्तींनी २०१३ साली नैरोबीच्या उच्च न्यायालयात सरकारवर दावा लावला होता. १० डिसेंबर २०२० रोजी त्यांपैकी चौघांना प्रत्येकी ४० लक्ष शिलिंग भरपाई देण्याचा हुकूम झाला, कारण सरकारने त्यांचे रक्षण केले नाही आणि गुन्ह्यांचा तपासही केला नाही, असे न्यायालयास आढळले. उरलेल्या चौघांचे मागणे अमान्य झाले. हेगच्या अभियोक्ता-कचेरीने २७ नोव्हेंबर २०२३ रोजी केनियासंबंधीचा आपला तपास संपल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तिच्या दप्तरी या प्रकरणातील दोन अटक-हुकूम तेवढे बजावावयाचे राहिले होते. दोन्ही साक्षीदार फितविल्याच्या आरोपावरून काढलेले होते. १,१३३ जणांच्या मृत्यूबद्दल त्यांत एकही नव्हता.